चमच्यामागचा चेहरा

३ नोव्हेंबर, सोमवार

पोचले एकदाची. गाडी दीड तास उशिरा आली, पण रायपूरची थंडी अजून कोवळी आहे आणि स्टेशनाबाहेरचा पहिलाच चहा चांगला निघाला, त्यामुळे माझी काही तक्रार नाही. ई-रिक्षावाल्याने माझं बोलणं ऐकून विचारलं, नागपूरच्या का. वर्धा म्हटल्यावर म्हणाला, एक ही बात है दीदी.

मावशीचं घर भनपुरीच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून दोन गल्ल्या आत. दिवसभर ट्रकांची घरघर, खिडकीच्या गजांवर काळी धूळ. पण मागे शेवग्याचं झाड आहे, तेलाच्या डब्यांत झेंडू फुललेत, आणि मला स्वतःची अशी एक खोली आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा.

अंजनामावशी चौतीस वर्षं दवाखान्यात आया होती. सप्टेंबरात तिची उजवी बाजू गेली. बोलणं तीन शब्दांवर आलंय : हव, नाही आणि बस. हो म्हणायला तिला मराठी शब्द सापडत नाही, इथलं ‘हव’ मात्र सापडतं. बाकी डोक्याने लख्ख आहे. मला पाहून अर्ध्या तोंडाने हसली आणि डाव्या हाताने माझी वेणी ओढली, लहानपणी ओढायची तशी. दिवसभर तिच्याजवळ कुसुम असते, शेजारच्या पाऱ्यातली, म्हणजे मोहल्ल्यातली. तिने मला आल्या आल्या बजावलं की डोकरी दाई, म्हणजे आपली मावशी, मिरचीशिवाय जेवत नाही आणि डॉक्टरला हे सांगायचं नाही.

संध्याकाळी मी भरवलं. मऊ भात, वरण, चिमूटभर तिखट. बारा चमचे गेले. मी नऊ वर्षांची असताना विषमज्वर झाला होता. आई नव्हती, मावशीने चाळीस दिवस माझं सगळं काढलं. तिचं तोंड वाकडं झालेलं मला एकदाही आठवत नाही. आज तिचं अंथरूण बदलताना माझंही झालं नाही. मला किळस येत नाही. हे अभिमानाने लिहू नये, पण थोडं अभिमानानेच लिहिते आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नोकरी मिळाली, आणि ती सांगितली तर वर्ध्यात कुणी विश्वास ठेवणार नाही. मी भुताचे खेळ खेळते!

ऑफिस चौबे कॉलोनीत, शिंप्याच्या दुकानावर. दोनच माणसं : नील आणि यामिनी. नील ब्राह्मणपाऱ्यातल्या जुन्या मराठी घरातला, तिशीचा. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत देतो. यामिनी चित्रं करते, माणसांचे चेहरे हलवते. ते दोघे छोटे खेळ बनवतात, तास-पाऊण तासात संपणारे, एका बैठकीचे. पडदा म्हणजे आपलेच डोळे. समोर आपले फक्त हात दिसतात; दार उघडतात, दिवा धरतात. शरीर नाही, चेहरा नाही.

नीलला असं माणूस हवं होतं ज्याने जन्मात खेळ खेळलेला नाही पण ज्याला चुका दिसतात. सतरा वर्षं साप्ताहिकाची मुद्रितं तपासल्यावर मला दुसरं काही दिसतच नाही. इतरांचे खेळ खेळायचे आणि दोन रकाने भरायचे, जमेच्या बाजू आणि उण्या बाजू. अहवाल मराठीत लिहिला तरी चालेल, म्हणाला, नाही समजलं तर आजीकडून वाचून घेईन.

पहिल्या दिवशी अर्धा तास मी नुसतं छत बघत भिंतीला टकरा देत होते. यामिनी म्हणाली, दीदी, भूत भी इंतज़ार करके थक गया. अकरा ते चार काम, पाचच्या आत घरी. मावशीला सांगितलं तर तिचं पोट हलेपर्यंत हसली.

११ नोव्हेंबर, मंगळवार

आठ खेळ झाले. आता सांगता येतं.

जमेची सर्वांत मोठी बाजू म्हणजे आखूडपणा. भीती फार वेळ समोर ठेवली की तिचं फर्निचर होतं. हे खेळ त्याच्या आत संपतात. दुसरं म्हणजे आवाज. एका खेळात पाऊण तास काहीच होत नाही, फक्त वरच्या मजल्यावर कुणी खुर्ची सरकवतं. मी मान वर करायला घाबरत होते, आणि मान माझी नव्हतीच. तिसरं, हात. सिनेमात दुसरा कुणी दार उघडतो. इथे मी उघडते. म्हणून पुढे जे होतं त्याचा दोष माझ्याकडे येतो.

उण्या बाजू अधिक. टेबलावर चिठ्ठ्या ठेवून सगळं समजावून सांगायचं. काही सुचलं नाही की कानात किंचाळायचं. आणि शेवटी हे सगळं तुझ्या आजारी डोक्यात होतं, म्हणून हात झटकायचे. मनाचा आजार म्हणजे काय पळवाटेचं दार आहे?

पण मला खरा राग घाणीचा आला. भिंतीला रक्त, मोरीत केस, ताटात अळ्या. बघून काहीच होत नाही. ती घाण कुणाची ते सांगितलेलंच नसतं. किळस घाणीची येत नाही, माणसाची येते. आपल्या माणसाची सर्वांत जास्त. हे वाक्य लिहून मी जरा थांबले, कुठून आलं कळेना. नील मात्र खूश. डराना तो सबको आता है, म्हणाला, दीदी, आपल्याला घिनवालं बनवायचंय.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

त्यांचा स्वतःचा खेळ आज दाखवला. नाव ‘निवाला’, म्हणजे घास. एक खोली, एक पलंग, एक म्हातारी. यामिनी तिला नानी म्हणते. सात जेवणं भरवायची, बस. भूत नाही. हातात वाटी आणि चमचा. नानीने जेवण सोडलं की ती मरते.

मी घरी काय करते हे त्यांना मी सांगितलं नव्हतं. हा खेळ माझ्या आधीपासून चाललाय. यामिनीची आजी तशी गेली, म्हणून.

सातही जेवणं भरवली. हात छान केलेत, चमच्याचा वाटीच्या काठावरचा आवाज तर फार खरा. पण भीती नाही. रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं : म्हातारी माझ्याकडे बघत नाही. आजारी माणूस भरवणाऱ्याच्या हाताकडे बघत नसतं, तोंडाकडे बघतं. घास घ्यायचा की नाही हे ते तिथे वाचतं. तुमच्या खेळात मला चेहराच नाही, तर नानी वाचणार काय?

नीलने ते दोनदा वाचलं. मग यामिनीकडे बघितलं.

घरी मावशीने अकरा चमचे घेतले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उणीव दूर केली त्यांनी.

संगणकावर आता छोटा कॅमेरा बसवलाय. खेळताना तो माझं तोंड बघतो. नाक किती आखडलं, वरचा ओठ किती उचलला, नजर किती वेळ चुकवली, याचा आकडा काढतो. आणि नानी तो आकडा बघते. यामिनीने तिला डोळे दिलेत, ओले, जरा पिवळे, आणि ते चमच्यावरून वर येऊन माझ्यावर थांबतात. आकडा वाढला की ती घास कमी घेते. शून्य ते शंभर.

नीलचा बावीस आला. यामिनीचा चौदा, ती रडली थोडी. मग मी बसले, जरा ऐटीतच. आता कळेल यांना, असं मनात.

एकसष्ट.

पुन्हा. अठ्ठावन्न. जेवण करून आले, पुन्हा. चौसष्ट. नानीने तिसऱ्या जेवणाला तोंड फिरवलं आणि पाचव्याला मेली. मला माझ्या तोंडावर काहीच जाणवत नव्हतं. मी तर तिच्याशी मायेने वागत होते! यंत्र बिघडलंय म्हटलं. नीलने कॅमेऱ्याने घेतलेलं माझं तोंड दाखवलं.

मी ते इथे लिहीत नाही. उकिरड्यावरून जाताना बायका पदर नाकाला लावायच्या आधी जे तोंड करतात, ते. मी हसत होते त्यातच मधे-मधे, लाडाने, आणि ते हसणं त्याहून वाईट.

नील म्हणाला, दीदी, असा चेहरा पैदा नहीं कर सकते, हा मिलता है. आता खेळाची पट्टी माझ्यावरून लावणार. सर्वांत जास्त किळस म्हणजे मी. खाली बाकी सगळे.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हे मला आधी दिसत नव्हतं, की मी बघत नव्हते?

मावशीच्या ओठांच्या कोपऱ्यात पांढरी साय साचते. जिभेवर पिवळा थर आहे, कडेने फाटलेला. चमचा बाहेर काढताना लाळेची तार माझ्या बोटापर्यंत आली आणि तुटलीच नाही. गळ्याच्या घडीत कालचं शीत होतं, आंबलेलं. ते नखाने काढलं, आणि नंतर तीनदा हात धुऊनही नखाला तोच वास. गिळताना तिच्या घशात नाली सोडल्यासारखा आवाज होतो. मी तो आवाज मोजू लागले.

आणि सगळा वेळ ती माझ्याकडे बघत होती. चमच्यावरून. ओले, पिवळे डोळे.

मी हसले. हसताना मला सोमवारचं ते हसू आठवलं.

सात चमचे. मग बस म्हणाली. मी विचारलं, मावशी, काहून? तिने भिंतीकडे मान केली. एवढं तिखट घातलं होतं.

बाहेर येऊन शेवग्याखाली उलटी झाली. जिने मला धुतलं, पुसलं, तिच्या लाळेची मला ओकारी येते. मला माझीच किळस वाटते, पण ती कमी आहे. तिची जास्त आहे. हे खरं आहे म्हणून लिहिते.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कुसुमने कालची उलटी पाहिली होती. सकाळी माझ्या हातावर एक लवंग ठेवली. तिनेच सांगितलं : अंजनामावशी धडधाकट होती तेव्हा ड्यूटीच्या गोष्टी सांगायची. जखमेत किडे पडलेला, सडलेला असा पेशंट आला, ज्याचे घरचेही दारातून परतायचे, की ही गालात लवंग धरायची आणि वास आला की चावायची. तोंड आतून भाजतं, मग वरून काही हलत नाही. पेशंटला दगडासारखा शांत चेहरा दिसतो. हव, दीदी, बघा करून.

मावशी ड्यूटीवरून आली की तिच्या तोंडाला लवंगेचा वास असायचा. मी समजत होते, दाढ दुखते.

ऑफिसात लवंग गालात धरून खेळले. सातही जेवणं. नानी सगळं जेवली. आकडा नऊ.

नीलने टाळ्या वाजवल्या, मग विचारात पडला. हे चीटिंग आहे, म्हणाला. मी म्हटलं, ही नर्सिंग आहे. यामिनी हसली. कितीतरी दिवसांनी मीही.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

पाचला घरी आले. हात धुतले, भात कालवला, दोन लवंगा गालात धरल्या. बसले तिच्यासमोर, चेहरा एकदम शांत. पहिला चमचा घेतला तिने. दुसरा घेतला. तिसऱ्याला मी जवळ वाकले, हनुवटी पुसायला.

तिचं नाक हललं. दोनदा.

मग ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जशी मी अनोळखी बाई आहे आणि तिच्याबद्दल मला काहीतरी ठाऊक आहे. डाव्या हाताने स्वतःच्या गळ्याची घडी चाचपली. हात नाकाशी नेला, हुंगला. पांघरूण वर ओढून घेतलं, मानेपर्यंत.

बस, म्हणाली.

मी चमचा पुढे केला. बस. पुन्हा केला. ओठ आत घेऊन मिटले तिने.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मला काल कळलं नाही. आज कुसुमने कपाळाला हात लावला आणि म्हणाली, दीदी, तुम्ही घरात कशाला लवंग खाल्ली, वो तो ऑफिस बर रहिस, ऑफिसासाठी होती.

चौतीस वर्षं तिने हा वास कुणाकुणासमोर वापरला. सडलेल्यांसमोर. ज्यांच्याजवळ कुणी येत नव्हतं त्यांच्यासमोर. मी तोच वास तोंडात घेऊन तिच्यावर वाकले.

आणि मला आता नीट आठवतं. विषमज्वराच्या चाळीस दिवसांत मावशीच्या तोंडाला चहाचा वास यायचा. लवंगेचा कधीच नाही.

कुसुमच्या हातून दोन चमचे घेतले. माझ्या हातून एकही नाही. ऑफिसला फोन करून सांगितलं, मी येत नाही, आता कधीच नाही. नील म्हणत होता, शेवटचा एक अहवाल तरी द्या. फोन ठेवला.

२३ नोव्हेंबर, रविवार

लवंग नाही. तोंडाला ओढणी गुंडाळून बसले, डोळे तेवढे उघडे. तिने मान हलवली. पलंगामागे उभी राहून मागून भरवायला गेले. ओठ मिटलेले. पाया पडले. माझ्या डोक्यावर हात ठेवला तिने, पण तोंड उघडलं नाही.

लघवीसाठीही हाक मारत नाही आता. धरून ठेवते. आधी पलंगाची पाटी थोपटून बोलवायची, ते बंद. पोट दगडासारखं लागतं हाताला. मी किळसू नये म्हणून —

२४ नोव्हेंबर, सोमवार

कुसुम गावी गेली, मड़ईला. वर्षाची जत्रा आहे, आधीच ठरलं होतं. बुधवारी येईल.

डॉक्टर येऊन गेले. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर परवा सकाळी दाखल करून नाकातून नळी. नळी ऐकताच मावशीने डोळे विस्फारले, नाही, नाही, नाही. तिने किती जणांचे हात धरून ठेवले असतील ती घालताना. मी शब्द दिला, होऊ देणार नाही.

डॉक्टरांनी बजावलंय : ताठ बसवूनच, हळूहळू, नाहीतर श्वासनळीत जाईल. किती चमचे गेले ते लिहून ठेवा. म्हणून वही पलंगावरच ठेवलीय.

सकाळ शून्य. दुपार शून्य. संध्याकाळी पाणी दोन चमचे — बाहेर आलं.

माझा चेहरा कसा आहे आत्ता? विचारायला कुणी नाही. आरशात बघितलं की तो बघणारा चेहरा होतो. भरवणारा नाही दिसत.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

सकाळ शून्य.

दुपार. उद्या नळी. म्हटलं, मावशी, एकच. काहून असं करून राहिली. माझ्यासाठी. तिने डोळे मिटले.

घसरलीय खाली, ताठ बसवता येत नाही मला एकटीला. उशी तिरकी आहे. चालेल.

नाक धरलं तिचं. दोन बोटांनी, हलकेच — तोंड उघडलं. चमचा गेला. गिळलं! गिळलं तिने.

दोन. तीन.

खेळात ही सोय नव्हती. नाक धरायची. उण्या बाजूत हे लिहायला —

पाच. मनगट ओढते माझं. जोर आहे अजून हातात, बरं आहे. खोकते. घेऊ दे दम, तोवर लिहिते.

भात नाकातून आला तिच्या. माझ्या बोटांवर, गरम, शेंबडासकट. मी बघत होते. काही झालं नाही. मळमळ नाही, काहीच नाही. कॅमेरा असता तर शून्य आला असता, मावशी. डोळे उघड, बघ ना माझ्याकडे, कुठे आहे आता किळस —

उघडले. बघते आहे.

सहा. सात. खोकला थांबला. हात सोडला तिने माझा. ऐकते आता. आठ. नाक धरावंच लागत नाही, ओठ मिटतच नाहीत, किती सोपं होतं हे. वाटीत अजून अर्धा —